व्हॉल्टेअरचा टोमणा आणि आष्टीचा मुक्काम

सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या जाँ-बाप्तिस्त टॅव्हर्नियर याच्याबद्दल व्हॉल्टेअरने एक निकाल देऊन टाकला आहे. हा माणूस तत्त्वज्ञांपेक्षा व्यापाऱ्यांशी बोलतो, आणि मोठे रस्ते कोणते व हिरे कसे विकत घ्यावेत यापलीकडे फारसे काही शिकवत नाही, असा त्या निकालाचा आशय. टोमणा इतका नेटका होता की पुढच्यांनी तो तपासण्याची तसदी घेतली नाही. आपल्याकडेही त्यातूनच एक वाटणी रूढ झाली. मोगलाईच्या राज्यव्यवस्थेवर बोलायचे तर त्याचा समकालीन फ्रेंच प्रवासी बर्नियर काढायचा. मयूरसिंहासन, ताजमहाल आणि बादशहाच्या हिऱ्याचे वजन सांगायचे असले की टॅव्हर्नियरची आठवण करायची.

ही वाटणी मला मान्य नाही. टॅव्हर्नियर मोठे रस्ते आणि मालाचे भाव सांगतो, हे व्हॉल्टेअरचे निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. रस्ते आणि भाव हाच त्याच्या ग्रंथाचा गाभा, आणि आपल्याला त्याची गरज आहे तीही तेवढ्यासाठीच. हे जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या माणसाला लवकर पटावे. टॅव्हर्नियरने सुरतेहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे मुक्काम क्रमाने लिहून ठेवले आहेत. त्यात औरंगाबाद आहे, अंबड आहे, घनसावंगीशी जुळणारे एक नाव आहे, त्यापुढे ‘आस्ती’ आहे आणि आणखी काही मुक्कामांनंतर नांदेड आहे. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ. बीडची आहे, वर्ध्याची आहे, १८१८च्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेली सोलापूरकडची आहे. पण अंबड मागे टाकून नांदेडकडे निघालेल्या गाडीवाटेवर बसते ती परतूर तालुक्यातली, गोदावरीच्या उत्तरेची आष्टी. साम्राज्यांच्या स्वभावावर प्रबंध लिहिणाऱ्या पंडिताला या गावाचे नाव घेण्याचे कारण पडत नाही. गाड्या, बैल आणि माल घेऊन जाणाऱ्याला ते घ्यावेच लागते.

आधी माणूस कोण ते पाहू. टॅव्हर्नियरचा जन्म पॅरिसचा, १६०५ सालचा. घराणे प्रोटेस्टंट. बाप गाब्रिएल अँटवर्पहून आलेला आणि नकाशांच्या धंद्यातला. चुलता मेल्कियोर नकाशे कोरून विकणारा. पोर नकाशांवर बोट फिरवतच वाढले आणि विशीच्या सुमारास युरोपचा बराच भाग पायाखाली घालून बसले. १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेच्या सहा सफरी केल्या. पहिलीत तो इराणपर्यंत आला. १६३८ला निघालेल्या दुसऱ्या सफरीपासून हिंदुस्थान त्याच्या वाटेवर आला तो कायमचा. इकडच्या अमीर-उमरावांना युरोपातले जडजवाहीर विकायचे आणि दख्खनच्या खाणींवरचे हिरे विकत घ्यायचे, असा दुहेरी धंदा. शाएस्ताखान त्याचे गिऱ्हाईक होता आणि चौदावा लुईही. १६६९ला फ्रान्सच्या राजाने त्याला सरदारकी दिली, पुढच्या वर्षी त्याने जिनिव्हाजवळची ओबोनची जहागीर विकत घेतली आणि १६७६ला ‘सहा सफरी’ हा ग्रंथ छापला. लेखणीचे काम शापुझो नावाच्या लेखकाच्या मदतीने झाले, कारण टॅव्हर्नियरचा हात तराजूला सरावलेला होता, टाकाला नव्हे. म्हातारपणी जहागीर विकून तो पुन्हा पूर्वेच्या वाटेला लागला आणि १६८९ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मॉस्कोत वारला.

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप व्हॉल्टेअरचाच: तत्त्वज्ञ प्रवासी समाज समजून घेतो, व्यापारी फक्त माल पाहतो.

योगायोगाने याची परीक्षा घेण्याची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. १६६५च्या अखेरीस फ्रान्स्वा बर्नियर आणि टॅव्हर्नियर आग्र्याहून बंगालकडे एकत्र निघाले होते. एकच रस्ता, एकच देश. बर्नियर वैद्य होता, गासांदी या तत्त्वज्ञाचा शिष्य होता, लिहिण्यात वाकबगार होता. त्याने मोगल राज्य पाहून एक भव्य सिद्धान्त मांडला: इथे जमिनीवर कोणाची खाजगी मालकी नाही, सगळी जमीन बादशहाची, आणि म्हणूनच हा देश दरिद्री आहे. सिद्धान्त युरोपात फार गाजला. २ जून १८५३ला मार्क्सने एंगल्सला लिहिलेल्या पत्रात बर्नियरची वाखाणणी करून याच मुद्द्याला पौर्वात्य समाजाची किल्ली ठरवले. हिंदुस्थानची जमीन मुळी सरकारचीच, असे मानणाऱ्या पुढच्या अंमलदारांनाही असले लेखन सोयीचेच होते.

पण मराठी मुलखातले मिरासपत्र, खरेदीखत किंवा वतनाचा निवाडा ज्याने एकदा वाचला आहे त्याला हा सिद्धान्त ऐकून हसू येईल. मिरासदार आपली जमीन विकत होता, गहाण टाकत होता, मुलांत वाटून देत होता. पाटीलकीच्या निम्म्या वाट्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गोतसभेपुढे भांडत होता. मालकी नसलेल्या गोष्टीसाठी कोणी इतके भांडत नाही. बर्नियरला हे दिसले नाही, कारण तो दरबाराच्या गच्चीवरून देश पाहत होता. बुद्धी तल्लख, निष्कर्ष मोठा आणि चूकही तितकीच मोठी. टॅव्हर्नियरने असा सिद्धान्त मांडला नाही. गाडीभाडे किती, नदीच्या उतारावर जकात किती, हुंडीची कसर किती, एवढेच तो लिहीत गेला. त्यातला एखादा आकडा चुकला असेल, पण त्या आकड्याने एका खंडाच्या समाजरचनेवर दोनशे वर्षे खोटा शिक्का मारला नाही. तेव्हा तत्त्वज्ञ अधिक खोल पाहतो हा दावा निदान या दोन सहप्रवाशांच्या बाबतीत टिकत नाही. इतिहासकार गिबनने व्हॉल्टेअरपेक्षा न्यायाने पाहिले: या भटक्या जवाहिऱ्याने काहीच वाचले नव्हते, पण पुष्कळ आणि नीट पाहिले होते, असे तो म्हणतो.

दुसरा आक्षेप बाजारू आहे, पण सर्वांत जास्त पसरलेला. टॅव्हर्नियरने म्हणे हिंदुस्थानातल्या एका देवळात शिरून मूर्तीच्या डोळ्यातला निळा हिरा काढला. त्या पापाने त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्ले. आणि तोच शापित हिरा पुढे ‘होप’ या नावाने मालकांचे वाटोळे करत फिरला. ही कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरा खपवणाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी फुगवली. तिच्याविरुद्धचा पुरावा टॅव्हर्नियरच्या पुस्तकातच छापलेला आहे. ६ डिसेंबर १६६८ला चौदाव्या लुईला विकलेल्या निवडक वीस हिऱ्यांची चित्रेच त्याने ग्रंथात दिली आहेत. त्यांत सुमारे ११२ कॅरटांचा तो निळा हिराही आहे. चोरीच्या मालाची जाहिरात चोर ग्रंथ छापून करीत नाही. राजाच्या जवाहिऱ्याने पुढे तो खडा ६७ कॅरटांच्या आसपास घासून आणला. हिऱ्याची चोरी झाली हे खरे, पण ती देवळात झाली नाही. १७९२च्या सप्टेंबरात, राज्यक्रांतीच्या गोंधळात, पॅरिसच्या शाही भांडारातून झाली. आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात असलेला ४५.५२ कॅरटांचा होप हिरा हा त्याचाच घटवलेला अवशेष. आणि कुत्र्यांनी फाडलेला माणूस चौऱ्याऐंशी वर्षे जगून मॉस्कोला कसा पोचला, हे शापवाद्यांनीच सांगावे.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि त्याला वजन आहे. टॅव्हर्नियर गप्पिष्ट आहे, त्याच्या तारखा गडबडतात, ऐकीव गोष्टी तो डोळ्यांनी पाहिल्यासारख्या लिहितो. म्हणून अस्सल कागद हाती असताना या फिरंग्याच्या नादी लागू नये. यातली वस्तुस्थिती मी पूर्ण मान्य करतो. ताजमहालाचा आरंभ आणि शेवट दोन्ही आपण पाहिले, असे तो सांगतो. बांधकाम सुरू झाले १६३२ला आणि हा गृहस्थ आग्र्याला आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. यमुनेपलीकडे शाहजहानने स्वतःसाठी दुसरी कबर बांधायला घेतली होती हीही त्याचीच बातमी. तिच्यातूनच काळ्या ताजमहालाची दंतकथा वाढली आणि आजही वाटाडे ती पर्यटकांना विकतात. शिवाजी महाराजांवर तो लिहितो तेव्हा शहाजीराजांचे नावही त्याला धड सांगता येत नाही आणि राज्यस्थापनेमागे तो गुप्तधनाची गोष्ट घुसवतो. औरंगाबादेबद्दल तो म्हणतो की हे पूर्वी खेडे होते, औरंगजेबाने त्याचे शहर केले. मलिक अंबरने १६१०ला वसवलेली खडकी आणि तिथले नहरीचे पाणी, दोन्ही त्याच्या हिशेबात नाहीत.

पण एवढ्यावर सगळा टॅव्हर्नियर बाद करणे म्हणजे मालाची प्रत न लावता सगळी थप्पी नाकारणे झाले. त्याचेच एक उदाहरण घेऊ. औरंगाबादेत औरंगजेबाच्या बेगमेची कबर, म्हणजे आपला बीबी का मकबरा, बांधला जात होता, त्याचा संगमरवर लाहोरहून आणला असे तो लिहितो. ही ऐकीव माहिती आणि बहुधा चुकीची. हा दगड राजपुतान्यातल्या खाणींचा, असे मानले जाते. पण त्याच जागी तो आणखी एक गोष्ट लिहितो. औरंगाबादेपासून पाच मुक्कामांच्या अंतरावर त्याला संगमरवराने लादलेल्या तीनशेहून जास्त गाड्या भेटल्या, आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. हे त्याने पाहिले आहे, मोजले आहे. गाडीवाटेवर समोरून असा ताफा आला की आपल्या गाड्या कडेला घेऊन थांबावे लागते. व्यापाऱ्याला तो वेळ खिशातून जाताना दिसतो, म्हणून तो मोजतो. तीनशे गुणिले बारा म्हणजे किमान छत्तीसशे बैल. एवढ्या बैलांची वैरण, पेंड, पाणी वाटेवरच्या कोणत्या गावांनी पुरवले? कडब्याचे पैसे कोणाला मिळाले, की वेठीत गेले? मकबऱ्याच्या शिल्पाबद्दल लिहिणाऱ्यांनी हे प्रश्न विचारले नाहीत. ते सुचतात टॅव्हर्नियरच्या एका आकड्यावरून.

तेव्हा त्याला वाचण्याची कसोटी सरळ आहे. जिथे त्याचा स्वतःचा पैसा गुंतला आहे, तिथे त्याच्यावर विश्वास ठेवावा: भाडे, भाव, वजन, जकात, हुंडणावळ. जिथे त्याने डोळ्यांनी पाहिले पण कारण दुसऱ्याकडून ऐकले, तिथे दृश्य घ्यावे आणि कारण सोडावे. आणि जिथे राजघराण्यांच्या भानगडी आहेत, तिथे ती बाजारात काय बोलले जात होते याची नोंद समजावी. घडले काय, याची नव्हे. या चाळणीतून जे खाली उतरते ते थोडे नाही.

त्यातली पहिली चीज म्हणजे वाहतूक. सुरतेहून आग्र्याला बैलगाडीने पस्तीस ते चाळीस दिवस लागतात आणि एकूण भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडते; गोवळकोंड्याचे अंतरही जवळपास तेवढेच आणि भाडेही तेवढेच, असे तो सांगतो. म्हणजे दिवसाला साधारण एक रुपया. सुरत ते गोवळकोंडा ३२४ कोस, आणि ते त्याने सत्तावीस दिवसांत काटले. हिशेब दिवसाला बरोबर बारा कोसांचा पडतो. हा आकडा हौशी प्रवाशाचा नाही. बैल किती चालेल, गाडीवान कुठे अडेल, उतार कुठे मिळेल हे ठाऊक असलेल्या माणसाचा आहे. नांदेडला नदी ओलांडताना दर गाडीमागे चार रुपये द्यावे लागतात आणि शिवाय तिथल्या सुभेदाराचा परवाना लागतो, हेही तो विसरत नाही. गाडीचे चार दिवसांचे भाडे एका उतारावर गेले तर मालाच्या किमतीत त्याची भर पडणारच.

प्रवासात त्याने लमाणांचे तांडे पाहिले. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे. धान्य, तांदूळ, कडधान्य आणि मीठ अशा चार जिनसा, आणि प्रत्येक जिनसेची वाहतूक करणारा गट वेगळा. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला की दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे. परतूर-मंठा भागात आज जे लमाण तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांची गणना आपला शालेय इतिहास भटक्यांत करतो आणि पुढे जातो. टॅव्हर्नियरच्या नोंदीत ते या देशाचे मालवाहतूकदार आहेत. फौजेला आणि दुष्काळी मुलखाला धान्य पुरवणारी यंत्रणा आहेत. एका समाजाकडे पाहण्याची नजर बदलायला एवढी नोंद पुरेशी आहे.

दुसरी चीज पतपेढीची. हिंदुस्थानात ज्या गावात सराफ नाही ते गाव फारच लहान समजावे, असे तो लिहितो. तुर्की मुलखातले चतुर समजले जाणारे नाणेवाले या सराफांपुढे उमेदवारही ठरणार नाहीत, असेही म्हणतो. मग तो सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दर देतो: अहमदाबादहून शेकडा एक ते दीड, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, लाहोरहून सव्वासहा, ढाक्याहून दहा. आणि इतकी चढी हुंडणावळ का, याचे कारणही सांगतो. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचेही बुडाले, अशी जोखीम त्या दरात धरलेली असते. आपल्या जुन्या पेढ्यांवर ‘जोखमी हुंडी’ म्हणत तीच ही चाल. म्हणजे हुंडणावळीचा तक्ता हा रस्त्यांच्या सुरक्षिततेचाही नकाशा झाला. कोणता रस्ता किती भरवशाचा हे बादशाही फर्मानातून कळत नाही. सराफ किती टक्के कापतो त्यावरून कळते. मोगल सत्ता खरोखर कुठवर पोचली होती हे तपासायला याहून चोख साधन कोणत्या तत्त्वज्ञाने ठेवले आहे?

तिसरी चीज प्रतवारीची आणि फसवणुकीची. निळीत रेती मिसळतात. ती विस्तवावर टाकून पाहावी, चांगली नीळ जळून राख होते आणि रेती तशीच मागे राहते. नीळ चाळणाऱ्यांच्या शरीरात तिची भुकटी कशी शिरते हे सांगताना तो लिहितो, की सकाळी त्यांच्याजवळ ठेवलेले अंडे संध्याकाळी फोडले तर आत निळे निघते. हा प्रयोग त्याने माल पारखण्याच्या सवयीने केला असेल, पण कारखान्यातल्या मजुराच्या छातीत काय जात होते याची ही नोंद आहे. व्यापारी फक्त माल पाहतो असे म्हणणाऱ्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचावा.

आणि हिऱ्यांच्या खाणींवरचा सौदा. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, कापडाखाली हात धरतात, तोंडातून शब्द काढत नाहीत. पंजा पूर्ण दाबला तर हजार, पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, अर्धे बोट पन्नास, पेराचे टोक दहा. एकाच जागी एकच पुडी अनेक वेळा हातोहात विकली जाते आणि शेजारी बसलेल्याला भाव कळत नाही. आपल्या बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरतात, आणि धान्याच्या बाजारात जिला हत्ता पद्धत म्हणत, ती हीच. तिच्याबद्दल हल्ली एक गोड सूर ऐकू येतो: केवढा विश्वास, ना कागद ना शाई, बोटांवर व्यवहार! टॅव्हर्नियरचा तपशील नीट वाचला तर हा सूर विरतो. भाव झाकला की मधल्या प्रत्येक हाताला आपले काढून घेता येते, आणि ज्याने माल पिकवला किंवा खणला त्यालाच बाजारभाव कळत नाही. म्हणून तर बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव हीच रीत ठरवली. परतूर-आष्टी भागातल्या ज्या शेतकऱ्याने कापूस किंवा तूर घालताना आडत, हमाली, तोलाई आणि वर कडता सोसला आहे, त्याला झाकलेल्या भावाचे काव्य सांगू नये.

याच काळात फ्रान्समध्ये झाक साव्हारी नावाचा दुसरा व्यापारी लिहीत होता. हा १६२२चा, आंजू प्रांतातला. पॅरिसला पेढी चालवून निवृत्त झालेला. १६७३च्या व्यापारविषयक राजाज्ञेत त्याचा हात इतका मोठा होता की तिला ‘साव्हारी संहिता’च म्हणू लागले. व्यापाऱ्याने रोजकीर्द ठेवलीच पाहिजे, ठराविक मुदतीने मालाची मोजदाद केलीच पाहिजे, हे तिने बंधनकारक केले. १६७५ला त्याचे ‘परिपूर्ण व्यापारी’ हे पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी टॅव्हर्नियरचे. एक पेढीवर बसून वही कशी ठेवावी ते सांगणारा, दुसरा रस्त्यावरून वहीत काय उतरते ते दाखवणारा. नेपोलियनच्या १८०७च्या व्यापार संहितेची मुळे साव्हारीपर्यंत जातात. व्हॉल्टेअरने ज्या व्यापारी बोलण्याला नाक मुरडले, त्याच बोलण्यातून त्याच्या देशाचा कायदा उभा राहिला.

इथे एक प्रामाणिक हरकत उरते. टॅव्हर्नियरची ही माहिती कोणाच्या कामाला आली? फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ला स्थापन झाली होती. हिंदुस्थानात नवी व्यापारी कंपनी कशी उभारावी यावर त्याने ग्रंथात स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. रस्ते, उतार, भाव आणि अधिकाऱ्यांच्या खोडी यांची यादी म्हणजे पुढच्या लुटीची पूर्वतयारी, असे कोणी म्हटले तर मी त्याला खोटे पाडणार नाही. तो निष्पाप नव्हता. पण माहिती कोणाच्या हाती गेली यावरून ती खोटी ठरत नाही. उलट, ती ज्यांच्याविरुद्ध वापरली गेली त्यांनी तर ती अधिक बारकाईने वाचायला हवी. शिवाय हिशेबाची दृष्टी काही फिरंग्यांचीच मिरास नव्हती. पेशवे दफ्तरातले जमाखर्च, जकातीचे हिशेब, बाजारभावांच्या नोंदी हे आपल्याच लेखण्यांचे काम आहे. टॅव्हर्नियर एकटा वाचला तर तो परका साक्षीदार; आपल्या कागदांशेजारी ठेवून वाचला तर उलटतपासणी करता येते.

आता आष्टी. तिच्याबद्दल दोन टोकाच्या समजुतींचे खंडन करायला हवे.

पहिली समजूत अभिमानाची. एखाद्या प्रसिद्ध परदेशी माणसाच्या पुस्तकात गावाचे नाव सापडले की ‘तो आमच्याकडे राहून गेला’ अशी पाटी लावण्याची घाई होते. इथे टॅव्हर्नियरच आपल्याला सावध करतो. १६५३च्या सफरीत तो ६ मार्चला सुरतेहून निघाला, ११ला पिंपळनेरला पोचला आणि तिथून वेगळ्या वाटेने गेला: अंकाई-टंकाई, लासूर, औरंगाबाद, अंबड, मग देवगाव, पाथरी, पालम, कंधार. त्या खेपेला आष्टी त्याच्या वाटेवर नव्हती. म्हणजे अंबडपासून पुढे निदान दोन वाटा चालू होत्या, एक आष्टीवरून नांदेडला आणि एक पाथरीवरून कंधारला. आणि यादीत आष्टीपुढे आहे ते फक्त कोसांचे अंतर. तिथला किल्ला, देऊळ, राजा यांबद्दल अक्षर नाही. ज्याला यावरून गौरवगाथा रचायची आहे त्याची निराशा होईल. पण मुक्काम होणे ही लहान गोष्ट नाही. मुक्कामाला पाणी लागते, वैरण लागते, दाणागोटा विकणारा लागतो, रात्रीचा पहारा लागतो, गाडीचा आरा मोडला तर सुतार-लोहार लागतो. वर्षानुवर्षे गाड्या जिथे थांबतात तिथे या सगळ्यांचे पोट त्या थांबण्यावर चालते. यादीतले एक नाव एवढे सांगते. त्याहून अधिक सांगत नाही, आणि तेवढे पुरे आहे.

दुसरी समजूत न्यूनगंडाची, आणि ती अधिक घातक. मराठवाडा पूर्वापार आडबाजूचा, कोरडा, मागास. इथे कधी काही आले-गेले नाही. राजकारणी ती सोयीने वापरतात आणि आपणही ती मुकाट्याने गिळतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात पैठण आणि तेर या बाजारपेठांचा माल गाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद आहे. तेही एका व्यापाऱ्याचेच पुस्तक. सोळाशे वर्षांनी टॅव्हर्नियर अंबड-आष्टी-नांदेड ही गाडीवाट सांगतो, आणि ती पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या बंदराला दख्खनच्या हिऱ्यांच्या बाजाराशी जोडत होती. रस्ता आष्टीवरून सरकला तो फार अलीकडे. १९००च्या सुमारास निजामाच्या मुलखातून मनमाड-हैदराबाद लोहमार्ग निघाला तो जालना, परतूर, सेलू असा. माल परतूरच्या धक्क्यावर गेला आणि आष्टी रेल्वेच्या दक्षिणेला राहून गेली. १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तोडून त्यात घातला गेला. हे निर्णय तारीखवार सांगता येतात. ज्या मागासलेपणाला तारीख आहे ते प्राक्तन नसते. ते कोणाच्या तरी निर्णयाचे फळ असते आणि निर्णयाचा जाब मागता येतो. जालना-नांदेड द्रुतगती महामार्गावर कोणत्या गावाला चढउताराचा मार्ग मिळतो आणि कोणते गाव नुसते खालून पाहत राहते, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचाही आहे.

तेव्हा मंडन एवढेच. गावाचा इतिहास म्हणजे राजाची भेट, लढाई किंवा साधूची समाधी, ही आपली व्याख्या तोकडी आहे. बहुतेक गावांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही, आणि मग आपण त्यांना इतिहासच नाही असे ठरवून मोकळे होतो. रस्ता, उतार, भाडे, भाव, उधारी आणि वजनमापे यांचा इतिहास मात्र प्रत्येक गावाला असतो. तो लिहायला टॅव्हर्नियर ही सुरुवात आहे, शेवट नाही. अंबडपासून नांदेडपर्यंतच्या जुन्या बारवा, नदीचे उतार, पडक्या गढ्या आणि तांडे नकाशावर मांडून त्याच्या मुक्कामांशी ताडून पाहणे हे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाला सहज जमणारे काम आहे. त्याला अनुदानही फारसे लागणार नाही. आणि त्याहून निकडीचे काम आपल्या आडत दुकानांच्या माळ्यावर पडून आहे. जुन्या कीर्दी, खतावण्या, तोलाईच्या पट्ट्या दर दिवाळीच्या सफाईत किलोवर रद्दीत जातात. एका फ्रेंच व्यापाऱ्याची वही साडेतीनशे वर्षे टिकली म्हणून आष्टीचे नाव आपल्याला वाचता येते. आपल्या व्यापाऱ्यांच्या वह्या आपणच जपल्या नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाला सरकी आणि ज्वारीचा भाव सांगायला कोणताही टॅव्हर्नियर येणार नाही.